कीर्द आणि खतावणी : डिजिटल टिपणवहीचे शास्त्र

१. विषय आणि क्षेत्र

टिपणे ठेवण्याचे ॲप आज जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते. गूगल कीप, वननोट, एव्हरनोट, नोशन, ऑब्सिडियन, जॉप्लिन अशी कितीतरी नावे घेता येतील. पण बहुतेकांच्या फोनमध्ये किराण्याची यादी, कुणाचा तरी खाते क्रमांक, वाचलेल्या पुस्तकातली दोन वाक्ये आणि अर्धवट सुचलेला विचार एकाच ढिगात पडलेले असतात. वर्षभराने हवे ते सापडत नाही, आणि सापडलेच तर ते कशासाठी लिहून ठेवले होते ते आठवत नाही. मग दोष ॲपवर जातो आणि माणूस दुसरे ॲप उतरवून घेतो. तिथेही थोड्या दिवसांत तोच ढीग साचतो.

हा दोष पद्धतीचा आहे, आणि पद्धत शिकता येते. तिचे विवेचन नुसत्या तत्त्वांवर केले तर हाती काही लागत नाही, म्हणून हाताशी एक खरे क्षेत्र घेऊ. ते क्षेत्र म्हणजे महाडपासून सुमारे २५ किलोमीटरवर, रायगडाच्या पायथ्याशी असलेले पाचाड. जिजाऊसाहेबांचा वाडा आणि त्यांची समाधी याच गावात आहे. पाचाडचा अभ्यास करू पाहणाऱ्यापुढे चार प्रकारचा मजकूर येतो: डोळ्यांनी दिसणारे अवशेष, दगडावरचे लेख, छापील साधने आणि गावात तोंडी चालत आलेली माहिती. वर गडावर रोज माणसांची रीघ असते. वाटाडे, शिक्षक, विद्यार्थी, दुर्गप्रेमी अशा अनेकांना ही माहिती जवळ बाळगावी लागते आणि ऐन वेळी काढून द्यावी लागते. २०२५ च्या जुलैत रायगड जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर नीट नोंद ठेवण्याची गरज वाढली आहे. इथे जी पद्धत टिकेल ती शेतकऱ्याच्या पीकनोंदीला, आजाऱ्याच्या कागदपत्रांना आणि परीक्षेच्या अभ्यासालाही चालेल.

आधी व्याख्या. पुढे कधीतरी, प्रसंग विसरून गेलेल्या स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला उपयोगी पडावा म्हणून एका गोष्टीपुरता लिहिलेला मजकूर म्हणजे टिपण. या व्याख्येतून चार क्रिया निघतात: टिपणे, लावणे, शोधणे आणि वापरणे. ॲप टिपण्याची क्रिया अतिशय सोपी करते आणि शोधण्याची बरीच सोपी करते. लावण्यात त्याची मदत थोडी असते, वापरण्यात जवळजवळ नाहीच. लोकांची फसगत होते ती लावण्याच्या टप्प्यावर, म्हणून विवेचनाचा भर तिथेच हवा.

२. कीर्द आणि खतावणी

लावण्याची क्रिया समजण्यासाठी परदेशी पद्धतींकडे जाण्याआधी महाडच्या बाजारपेठेतली जुनी हिशेबाची रीत पाहावी. व्यापारी दोन वह्या ठेवतो. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार घडले त्या क्रमाने उतरतात. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतात. कीर्द काळाच्या क्रमाने चालते, खतावणी विषयाच्या. आज काय काय घडले हे कीर्द सांगते. अमक्याकडे किती येणे आहे हे फक्त खतावणी सांगते. कीर्द नसेल तर खतावणीला पुरावा उरत नाही. खतावणी नसेल तर कीर्दीतून काही काढायचे म्हणजे पहिल्या पानापासून सगळी वही चाळायची.

मोबाइलमधले बहुतेक टिपणसंग्रह खतावणी नसलेल्या कीर्दी आहेत. ॲप उघडले, नवे पान घेतले, लिहिले, बंद केले. पाने तारखेप्रमाणे एकाखाली एक साचत जातात. शोधाची खिडकी आहे म्हणून खतावणीची गरज नाही असा समज होतो. पण शोधाला नेमका शब्द द्यावा लागतो. ‘पाचाडच्या पाण्याच्या व्यवस्थेबद्दल मला एकूण काय माहीत आहे?’ हा प्रश्न कुठल्याच एका शब्दात मावत नाही. त्याचे उत्तर त्या विषयाच्या खात्यावरच असू शकते.

म्हणून ॲपमध्ये दोन थर करावेत. पहिल्या थरात दिवसाचे एकच पान, त्याला तारखेचे नाव. पाहिलेले, ऐकलेले, सुचलेले सगळे त्यात वेळेसह उतरावे. या थरात शुद्धलेखनाची किंवा वर्गवारीची काळजी करू नये. वाडा पाहताना वर्गवारीचा विचार केला तर वाडा पाहायचा राहून जातो. दुसऱ्या थरात विषयवार पाने: ‘पाचाड वाडा’, ‘जिजाऊ समाधी’, ‘रायगडावरील तलाव’, ‘खुबलढा बुरुज’. आठवड्यातून एक वेळ ठरवून कीर्दीची पाने वाचावीत, त्यांतले टिकाऊ ते विषयाच्या पानावर स्वतःच्या शब्दांत चढवावे, आणि तिथे कीर्दीच्या पानाचा दुवा द्यावा. जे चढवण्यासारखे नाही ते कीर्दीतच राहू द्यावे. ही निवड हेच टिपणवहीचे खरे काम आहे.

मोठ्या प्रमाणावर हेच काम कसे होते ते पुण्याच्या पेशवे दप्तरात दिसते. तिथे रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद जपलेले आहेत. पण ते सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आले ते गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवड करून, विषयवार लावून ४५ भाग प्रसिद्ध केले तेव्हा. कागद आधीपासूनच सुरक्षित होते. निवड आणि लावणी झाल्यावर त्यांचा इतिहास लिहिण्यासाठी उपयोग सुरू झाला.

३. एका टिपणाचे अवयव

विषयाच्या पानावर काय असावे हे एका उदाहरणाने जवळून पाहू. पाचाडच्या वाड्याच्या आवारात एक विहीर आहे. तिच्या काठाशी टेकून बसावे असा घडीव दगड असल्यामुळे तिला तक्क्याची विहीर म्हणतात. जिजाऊसाहेब तिथे टेकून बसत, असे सांगितले जाते. बहुतेकांच्या टिपणात हे एका वाक्यात उतरेल: ‘जिजाऊसाहेब या विहिरीवर बसत.’ या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. दगड दिसतो, नाव ऐकू येते, आणि बसण्याची गोष्ट परंपरेने सांगितली जाते. दहा वर्षांनी हे टिपण वाचणाऱ्याला त्यातले स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकीव कोणते हे कळायला मार्ग राहत नाही.

म्हणून प्रत्येक विषयपानाला ठरलेल्या पाच ओळी असाव्यात. पाहिले: विहिरीची बांधणी, दगडाची जागा, मोजमाप, छायाचित्र. ऐकले: कोणी सांगितले, कधी, कोणत्या प्रसंगी. वाचले: पुस्तक, आवृत्ती, पान. मत: या तिन्हींवरून मला काय वाटते. प्रश्न: काय तपासायचे राहिले आहे. बहुतेक ॲपांत असा साचा एकदा करून ठेवता येतो, किंवा साधे एक पान तयार करून दर वेळी त्याची प्रत काढता येते. पाचही ओळी दर वेळी भरल्या पाहिजेत असे नाही. रिकामी ओळ रिकामीच दिसली पाहिजे, म्हणजे आपले ज्ञान कुठे थांबते ते कळते.

या विभागणीची किंमत गडावरच्या एका लेखात स्पष्ट दिसते. जगदीश्वराच्या मंदिरासमोरच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचे नाव कोरलेले आहे. लोकांत ते हिरोजी इंदुलकर म्हणून ओळखले जातात. पायरीवरच्या आडनावाचे वाचन मात्र ‘इटळकर’ असेही केले जाते. टिपण करणाऱ्याने ‘पाहिले’ या ओळीत अक्षरे जशी दिसतात तशी उतरवावीत आणि छायाचित्र जोडावे. रूढ नाव ‘वाचले’ किंवा ‘ऐकले’ या ओळीत द्यावे. स्वतःचा कौल ‘मत’ या ओळीत. रूढ नाव थेट ‘पाहिले’ मध्ये लिहिले तर आपल्या हातून पुरावाच बदलला जातो. छापील पुस्तकांतही अशा चुका याच वाटेने शिरतात आणि मग पुस्तकांमागून पुस्तकांत फिरत राहतात. गडाच्या पायऱ्यांचे वेगवेगळे आकडे सांगितले जातात, त्यांचेही तेच. आकडा लिहिताना तो कोणाचा हे लिहिले नाही, तर त्या टिपणाचा उपयोग नाही.

४. वर्गवारी: कप्पे, लेबले, दुवे

पाने लावण्याची तीन साधने ॲपमध्ये असतात: कप्पा म्हणजे फोल्डर, लेबल म्हणजे टॅग, आणि एका पानातून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा. तिघांची कामे वेगळी आहेत.

कप्प्यात एक पान एकाच ठिकाणी बसते. वाळुसरे खिंडीचे पान ‘वाटा’ या कप्प्यात ठेवावे की ‘संरक्षण’ या? कोणताही निर्णय घेतला तरी अर्ध्या वेळा चुकीचा ठरतो. म्हणून कप्पे फार थोडे ठेवावेत: कीर्द, खतावणी, मूळ साधने, जुने झालेले. विषयाची वर्गवारी कप्प्यांकडे देऊ नये.

ती लेबलांनी करावी. लेबले कशी ठरवावीत याचे उत्तम मार्गदर्शन ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांच्याकडून मिळते. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोलन वर्गीकरणाची पुढे झालेली मांडणी सांगते की कोणताही विषय पाच अंगांनी पाहता येतो: मुख्य वस्तू, तिचे द्रव्य किंवा गुणधर्म, तिच्यावर होणारी क्रिया, स्थळ आणि काळ. एका पुस्तकाला एकच खोका देण्याऐवजी अंगांची जुळणी करायची, हा त्यांचा मुख्य विचार. रायगडाच्या टिपणांना तो सहज लागू होतो. वस्तू: वाडा, विहीर, दरवाजा, समाधी. द्रव्य: दगड, चुना, लाकूड. क्रिया: बांधणी, पडझड, दुरुस्ती, उत्खनन. स्थळ: पाचाड, हिरकणीवाडी, रायगडवाडी, बालेकिल्ला. काळ: शिवकाल, मोगल अंमल, पेशवाई, इंग्रजी अंमल, आज. प्रत्येक पानाला प्रत्येक अंगातले फार तर एक लेबल. मग ‘विहीर’ आणि ‘पाचाड’ ही लेबले एकत्र निवडली की पाचाडच्या सगळ्या विहिरी समोर येतात. ‘दरवाजा’ आणि ‘दुरुस्ती’ निवडले की गडावरच्या दरवाजांच्या दुरुस्तीची पाने येतात.

लेबलांची यादी एका वेगळ्या पानावर लिहून ठेवावी आणि नवे लेबल करण्याआधी ती पाहावी. नाहीतर ‘तलाव’, ‘तळी’ आणि ‘पाणवठा’ अशी एकाच अर्थाची तीन लेबले होतात आणि पाने त्यांत वाटली जातात. विषयवार मांडणीची परंपरा या गडाला परकी नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेला राज्यव्यवहारकोश शब्दांची मांडणी दहा वर्गांत करतो. त्यांत दुर्गवर्ग आहे आणि लेखनवर्गही आहे. कारभाऱ्याला जो शब्द ज्या कामात लागेल त्या कामाखाली तो ठेवायचा, ही त्यामागची दृष्टी. आपल्या लेबलांचा निकषही हाच असावा: हे पान मला कोणत्या कामात लागेल?

तिसरे साधन दुवा. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह केला आणि त्याच्या आधारे आयुष्यात सत्तरएक पुस्तके लिहिली. त्यांच्या संग्रहाचे बळ चिठ्ठ्यांच्या संख्येत नव्हते. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक होता आणि एका चिठ्ठीवर दुसऱ्या चिठ्ठ्यांचे क्रमांक लिहिलेले होते. ऑब्सिडियनसारख्या ॲपांत आज हे पानाचे नाव दुहेरी चौकटी कंसात लिहून होते. पण दुवा देताना कारण लिहिले पाहिजे. ‘पाचाड वाडा’ या पानावर नुसता ‘गंगासागर’ असा दुवा निरर्थक आहे. ‘गडावरील पाण्याच्या साठ्याशी वाड्याच्या विहिरींची तुलना करावी, पाहा गंगासागर’ असा दुवा पुढच्या विचाराला वाट देतो.

५. मराठीतला शोध

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत न सापडणारी आणि मराठी माणसाला रोज नडणारी अडचण इथे आहे. मराठी शब्दाला प्रत्यय लागताना त्याचे मूळ रूपच बदलते. ‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीजवळ’ असलेले पान सापडेलच असे नाही, कारण दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व ‘हि’ झाला आहे. ‘वाडा’ शोधला तर ‘वाड्यात’ निसटतो, ‘पायरी’ शोधली तर ‘पायऱ्या’ निसटतात. शोध बहुधा अक्षरांशी अक्षरे जुळवतो. त्याला मराठीचे व्याकरण कळत नाही. ‘वाड’ एवढेच टंकले तर शब्दाच्या आतही शोधणाऱ्या ॲपात वाड्याबरोबर हिरकणीवाडी आणि रायगडवाडीही येऊन उभ्या राहतात.

उपाय सोपा आहे. प्रत्येक विषयपानाच्या शेवटी ‘शोधशब्द’ नावाची एक ओळ ठेवावी आणि तिथे महत्त्वाची नामे प्रत्ययाशिवाय, एकवचनात लिहावीत: वाडा, विहीर, तटबंदी, पाचाड. त्याच ओळीत पर्यायी नावेही द्यावीत. रायगड हा जुन्या साधनांत रायरी म्हणून येतो आणि मोगल अंमलात इस्लामगड म्हणून. नाणे दरवाजा कुणी नाना दरवाजा म्हणतात. गंगासागर कुणी एक शब्द लिहितो, कुणी दोन. ही सगळी रूपे ओळीत असली की कोणत्याही नावाने शोधले तरी पान मिळते.

दुसरी अडचण टंकलेखनाची. डोळ्यांना सारखीच दिसणारी अक्षरे यंत्रात वेगवेगळ्या संकेतांनी साठवलेली असू शकतात. ‘पायऱ्या’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. ‘ॲप’ मधले पहिले अक्षर एकसंधही असते आणि अ वर अर्धचंद्र देऊनही होते. आकडे देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही तऱ्हांनी लिहिले जातात, आणि अनेक ठिकाणी एकाने शोधल्यास दुसरा सापडत नाही. म्हणून एकच कळफलक वापरावा आणि सालांसाठी आकड्यांची एकच तऱ्हा ठरवावी. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर तर शोधाच्या दृष्टीने नसल्यासारखाच. तो युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय संग्रहात घेऊ नये.

नवे ॲप घेण्याआधी म्हणून एक परीक्षा करावी. पाच-सहा मराठी पाने टंकून त्यांत ‘विहीर’, ‘वाडा’, ‘१६७४’ शोधून पाहावे. जे ॲप इथे नापास होते त्याची बाकीची सोय कितीही आकर्षक असली तरी मराठी संग्रहासाठी ते दुय्यम.

६. काळाची नोंद

इतिहासाच्या टिपणात सर्वांत जास्त घोळ तारखेचा होतो. रायगड-पाचाडच्या दोन मोठ्या तारखांची पाने घेऊ. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंदनाम संवत्सर, म्हणजे ६ जून १६७४. जिजाऊसाहेबांचे पाचाडला निधन ज्येष्ठ वद्य नवमी, शके १५९६, म्हणजे १७ जून १६७४. या इंग्रजी तारखा जुन्या, ज्युलियन पंचांगाच्या आहेत. इंग्लंडने नवे ग्रेगोरियन पंचांग १७५२ साली स्वीकारले, आणि राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन जुन्याच पंचांगाने तारखा लिहीत होता. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. आज आपण जे पंचांग भिंतीवर लावतो त्याने मोजले तर त्या तारखा १६ जून आणि २७ जून १६७४ येतात.

घोळ इथेच थांबत नाही. जेधे शकावली या साधनात सिंहासनारोहणाची नोंद शुद्ध द्वादशी, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असता अशी आहे. त्रयोदशी आणि शनिवार सांगणाऱ्याशी हे विसंगत वाटते. पण आपल्याकडे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात, पाश्चात्त्य रीतीने मध्यरात्रीपासून. पहाटेची घटना एका रीतीने शुक्रवारची आणि दुसरीने शनिवारची ठरते. नोंद करणाऱ्याने कोणती रीत वापरली हे कळले की दोन्ही साधने एकाच पहाटेबद्दल बोलत आहेत हे दिसते.

टिपणवहीसाठी यातून नियम निघतो. तारखेच्या ओळीत चार गोष्टी असाव्यात: साधनात जशी आहे तशी तिथी, वार, रूपांतरित इंग्रजी तारीख, आणि ते रूपांतर जुन्या पंचांगाचे की नव्या. ॲप आपोआप जी तारीख लावते ती टिपण लिहिल्याची तारीख आहे. घटनेची तारीख वेगळ्या ओळीत आपल्यालाच लिहावी लागते. पानांच्या नावांत तारीख घालायची असेल तर आधी साल, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते.

७. छायाचित्र, आवाज आणि हात

कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण ही ॲपची मोठी देणगी. पण स्वतःहून बोलणारी चित्रे थोडीच असतात. शंभर छायाचित्रे काढली आणि त्यांना ओळी लिहिल्या नाहीत, तर आठवड्यानंतर कोणता दगड कोणत्या बुरुजाचा ते सांगता येत नाही. प्रत्येक छायाचित्राखाली तिथेच, उभ्याउभ्या एक ओळ लिहावी: काय, कुठून, कोणत्या दिशेला तोंड करून. मापासाठी शेजारी मोजपट्टी ठेवावी. गावातल्या जाणत्या माणसाचे बोलणे मुद्रित करण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी आणि ती नोंदवावी. त्यांनी ‘हे नाव लिहू नका’ म्हटले तर ते कीर्दीतही लिहू नये.

मराठीत बोलून टंकण्याची सोय आता चांगली झाली आहे, आणि चढावर, घामेजल्या हातांनी ती उपयोगी पडते. मात्र स्थळनामे आणि व्यक्तिनामे यंत्र हमखास चुकीची लिहिते. ती त्याच संध्याकाळी दुरुस्त करावीत.

हाताने लिहिणे चांगले की यंत्राने, हा वाद या ठिकाणी येतोच. २०१४ साली अमेरिकेत म्यूलर आणि ओपेनहायमर यांनी केलेल्या प्रयोगांत लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत गेले आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडले. पुढे हा प्रयोग पुन्हा केलेल्यांना शब्दशः उतरवण्याची सवय तशीच दिसली, पण गुणांतला फरक तेवढा ठळक आढळला नाही. आपल्यापुरता निष्कर्ष असा की साधनापेक्षा शब्दशः उतरवण्याची सवय टाळणे महत्त्वाचे. कापून चिकटवलेला मजकूर टिपण होत नाही. खतावणीत चढताना तो स्वतःच्या शब्दांत आला पाहिजे. मूळ शब्द लागतील तिथे अवतरणात, पान क्रमांकासह.

८. जतन आणि प्रती

रायगड १६८९ साली मोगलांच्या हाती गेला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावरच्या इमारती जळाल्या. शिवाजी महाराजांच्या काळचे मध्यवर्ती दप्तर आपल्यापर्यंत आलेले नाही. त्या काळची जी पत्रे आज वाचायला मिळतात ती मुख्यतः ज्यांना ती पाठवली गेली त्या देशमुख-देशपांड्यांच्या, इनामदारांच्या, मठ-मंदिरांच्या संग्रहांतून, आणि परकीय वखारींच्या कागदांतून. मूळ ठिकाणी नष्ट झाले ते दुसऱ्या ठिकाणी प्रत होती म्हणून वाचले.

महाड तालुक्याने अलीकडेही हा धडा घेतला आहे. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, दुकानांतल्या वह्या आणि घरांतली कागदपत्रे भिजली, वीज आणि फोन बंद पडले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे कागदांची गोष्ट लहान आहे. पण मागे राहिलेल्यांना ओळखपत्र, सात-बारा, बँकेची कागदपत्रे यांची गरज लगेच पडते, आणि त्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी असणे हा मोठा आधार असतो.

म्हणून नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. फोनमधली एक, इंटरनेटवरच्या खात्यात दुसरी, आणि मुंबई-पुण्याला राहणाऱ्या नातेवाइकाकडे पेनड्राइव्हवर तिसरी, एवढे कुणालाही जमते. शिवाय पाने रेंज नसतानाही उघडली पाहिजेत. सह्याद्रीच्या घळीत पावसाळ्यात इंटरनेटच्या भरवशावर राहता येत नाही.

प्रतीइतकेच महत्त्व साठवणीच्या स्वरूपाला आहे. कंपन्या धोरण बदलतात. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची मर्यादा घातली, आणि वर्षानुवर्षे जमवलेले संग्रह घेऊन लोकांना दुसरीकडे जावे लागले. ज्यांचा मजकूर साध्या मजकुराच्या फायलींत बाहेर काढता आला त्यांचे निभावले. ऑब्सिडियन टिपणे अशाच फायलींत ठेवते. जॉप्लिनमधून ती तशी काढता येतात. गूगल कीपमधली गूगल टेकआउटमार्फत उतरवता येतात. वर्षातून एकदा संपूर्ण संग्रह बाहेर काढून, तो दुसऱ्या यंत्रावर उघडतो का हे पाहावे. न तपासलेली प्रत ही प्रत नाही.

महाड तालुक्यातल्या शिवथर घळीत दासबोधाचे लेखन झाले असे परंपरा मानते. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ रामदासांनी पानाच्या चारी बाजूंना जागा सोडायला सांगितली आहे, ती यासाठी की पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. लिहितानाच नाशाचा विचार करायचा, ही दृष्टी डिजिटल टिपणालाही जशीच्या तशी लागू आहे.

९. आक्षेप

पहिला आक्षेप असा की एवढी शिस्त पाळण्यात वेळ जातो. तो जातो हे खरे. पण खतावणीचा वेळ हा अभ्यासाचाच वेळ आहे. चढवताना आपण वाचतो, ताडून पाहतो, शंका काढतो. वेळ वाया जातो तो ॲपचे रंग, साचे आणि सजावट बदलण्यात. तिथे हात आखडता घ्यावा.

दुसरा आक्षेप असा की आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने टिपणे आपोआप लावतात आणि सारांश काढतात. सारांश काढण्यात त्यांची मदत घ्यावी. पण ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ यांतला भेद टिपताना केला नसेल तर तो नंतर कोणतेही यंत्र करू शकत नाही. तक्क्याच्या विहिरीसमोर जो उभा होता त्यालाच तो माहीत असतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: सगळे लिहून ठेवले की स्मरणशक्ती मंदावते. ज्याने फक्त साठवले त्याच्या बाबतीत हे होते. जो विषयाचे पान दर काही महिन्यांनी उघडतो, त्यात भर घालतो, चुकलेले खोडतो, त्याच्या मनात विषय अधिक पक्का होत जातो.

१०. निष्कर्ष

उत्तम ॲप कोणते, या प्रश्नाला उत्तर एकच: ज्यात रोजची कीर्द विनासायास लिहिता येते, मराठीत शोध चालतो, रेंज नसताना पाने उघडतात आणि सगळा मजकूर केव्हाही बाहेर काढता येतो ते. हे चार निकष पुरे करणारे कोणतेही घ्यावे आणि निदान काही वर्षे बदलू नये. त्यापुढचे काम ॲपचे नाही. आठवड्याची खतावणी, पाहिले-ऐकले-वाचले-मत यांची विभागणी, प्रत्ययाशिवायचे शोधशब्द, तिथीसह तारीख आणि दुसऱ्या गावी एक प्रत, एवढे ज्याने सांभाळले त्याची टिपणवही दर वर्षी अधिक मोलाची होत जाते.

पाचाड, रायगडवाडी, हिरकणीवाडी आणि महाड-पोलादपूरच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलामुलींना एक विनंती. आपल्या गावातली एक विहीर, एक वाट किंवा एक देऊळ निवडा आणि त्याचे खाते उघडा. जे पाहाल ते लिहा, ज्यांच्याकडून ऐकाल त्यांचे ऋण नोंदवा, जे माहीत नाही ते प्रश्नाच्या ओळीत ठेवा. गावातली जाणती पिढी अजून सांगायला आहे. तिचे सांगणे नीट टिपले गेले नाही, तर ते पुन्हा मिळवण्याचा कोणताही मार्ग उरणार नाही.